बारकोड नसलेली भाजी

आमच्या हापिसात जेवणाच्या सुट्टीत सध्या दोन पंथ आहेत. पहिला अ‍ॅपपंथ. यांच्या मते भाजी हा केव्हाच सुटलेला प्रश्न आहे. रात्री अकरा वाजता आठवलं की सकाळच्या डब्याला घरात काहीच नाही, तरी बिघडत नाही. फोन उचला, दहा-पंधरा मिनिटांत भेंडी दारात. दुसरा ऑरगॅनिकपंथ. यांच्याकडे भाजी आठवड्यातून एकदा तपकिरी कागदी पिशवीतून येते, पिशवीवर बैलाचं चित्र असतं, आणि डबा उघडला की भाजीच्या आधी तिचं चरित्र ऐकावं लागतं.

दोन्ही पंथांत माझे चांगले मित्र आहेत आणि दोघांच्याही डब्यातलं मी खातो, त्यामुळे भांडायचं काही कारण नाही. पण "जवळपास पिकलेली भाजी घ्या, जमेल तेवढी घरी लावा" असं मी म्हटलं रे म्हटलं की अ‍ॅपवाले मला पलीकडच्या पंथात ढकलतात आणि पलीकडचे मला आपला माणूस समजून जवळ घेतात. दोन्हीकडे गैरसमज आहे. म्हणून हा विकांत त्याच्यावर खर्च करतोय.

आधी मला काय म्हणायचं नाहीये ते सांगतो. म्हणजे नंतर वाद नको.

'स्थानिक भाजी घेतली की पृथ्वी वाचते' असं मी म्हणत नाहीये. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २००८ साली तिथल्या घरांच्या अन्नाचा हिशोब मांडला होता. अन्नामुळे होणाऱ्या हरितवायूंच्या उत्सर्जनात सगळी वाहतूक मिळून ११ टक्के निघाली, आणि उत्पादकापासून दुकानापर्यंतचा शेवटचा प्रवास फक्त ४ टक्के. बाकीचं बहुतेक सगळं शेतात आणि गोठ्यातच होतं. आपल्याकडचे आकडे वेगळे असतील, पण धडा तोच. दोन जुड्या मेथीसाठी मोठी गाडी काढून पंचवीस किलोमीटरवरच्या शेतावर गेलात तर त्या मेथीपेक्षा खाली उतरून घेतलेली कुठलीही भाजी बरी.

'स्वस्त पडते' असंही नाही. कधी पडते, कधी नाही. पावसाळ्यात एका बऱ्या जुडीला जे पैसे मोजावे लागतात ते बघून घाम फुटतो, आणि अ‍ॅपवाले मात्र गिऱ्हाईक ओढायला कांदे-बटाटे तोट्यात विकू शकतात.

'शुद्ध असते' हेही नाही. जवळच्या शेतातही फवारणी होते. अंतर कमी असलं म्हणून औषध कमी होत नाही.

आणि हो, कोपऱ्यावरच्या मावशींकडे घेतली म्हणजे आपोआप स्थानिक झाली, असंही समजू नका. मावशी पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातूनच माल आणतात. त्यातला लसूण मध्य प्रदेशातून आलेला असतो, हंगामाबाहेरचा शेवगा दक्षिणेतून.

आता सगळी हुकमी पानं मीच टाकून दिल्यावर हातात उरलं काय? उरलंय, आणि माझ्या मते तेच महत्त्वाचं आहे.

एक साधा प्रयोग करा. तुमच्या आवडत्या अ‍ॅपवर जा आणि पालेभाज्या बघा. पालक, मेथी, कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, बहुतेक वेळा शेपू आणि कांदापात. शिवाय लेट्यूस आणि केल, कारण आपण आता जागतिक नागरिक आहोत :-) आता शोधा चाकवत. मी शोधला तेव्हा मला चकली मिळाली. (भाजणीची. चांगली होती.) मग चंदनबटवा शोधा, करडई, अंबाडी, चुका, तांदुळजा, पोकळा, मायाळू, घोळ. पावसाळ्यात टाकळा, भारंगी, फोडशी, कुर्डू. एखाद-दुसरं नाव कधीतरी, कुठेतरी सापडेलही. बाकीच्यांची त्या डेटाबेसमध्ये ओळच नाही.

यात कोणाचा कट वगैरे नाही. आपण सॉफ्टवेअरवाली माणसं, आपल्याला हे लगेच कळायला हवं. मोठ्या दुकानाला प्रत्येक वस्तूला एक कोड लागतो, एक फोटो, एक ठरावीक वजन, आणि वर्षभर येत राहील अशी पुरवठ्याची सोय. माल एकसारखा हवा, प्रवासात टिकायला हवा, शीतपेटीत दोन-तीन दिवस तरतरीत दिसायला हवा. चाकवत थंडीत येतो आणि सकाळी आणला तर संध्याकाळी मान टाकतो. कर्टुली पावसाळ्यात थोडेच दिवस येतात, आणि त्यांतली दोन एका मापाची नसतात. हादग्याची फुलं तर विचारूच नका. या भाज्या त्या यंत्रणेच्या अटींत बसत नाहीत. यंत्रणा तिच्या जागी बरोबर आहे. प्रश्न असा की आपण आपलं सगळं जेवण त्या अटींवर सोपवायचं का?

कारण पुढची पायरी अशी. दुकानात जे नाही ते आपण मागत नाही. जे कोणी मागत नाही ते शेतकरी पेरत नाही. त्याला काय हौस आहे? जे पेरलं जात नाही त्याचं बी धरलं जात नाही. वाल-घेवड्याची घरची वाणं बायका राखेत मिसळून, मडक्यात घालून वर्षभर सांभाळत आल्या. हे बी दरवर्षी पेरलं आणि दरवर्षी नवं धरलं तरच चालू राहतं. कांद्याचं बी तर वर्षा-दोन वर्षांतच उगवेनासं होतं. म्हणजे ज्या कोडचा बॅकअप नाही, सर्व्हरही एकच, आणि तो कोणाच्या तरी आजीच्या माळ्यावर आहे, अशी ही परिस्थिती.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी नेमकं हेच ओळखलं. वाल, घेवडा, भात, भाज्या अशी घरोघरची गावरान वाणं गोळा करून त्यांनी बियाण्यांची बँक उभी केली. २०२० सालच्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपण सगळ्यांनी बातमी फॉरवर्ड केली, अभिमान वाटला. पण बँकेतलं बी शेतात जायचं तर त्या शेंगेला गिऱ्हाईक लागतं. ते गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही-आम्ही. पद्मश्री सरकार देऊ शकतं. दर शनिवारी अर्धा किलो वालपापडी सरकार नाही विकत घेऊ शकत.

बरं, आपल्या सणांनी याची तपासणी आधीच लावून ठेवली आहे, वर्षातून दोनदा. भाद्रपदात ऋषिपंचमी. त्या दिवशीची ऋषीची भाजी बैलाच्या श्रमाशिवाय पिकलेल्या भाज्यांची करायची: माठ, चुका, अळू, पडवळ, दोडका, लाल भोपळा, सुरण, मका, कुंपणावर आणि परसात वाढणारं सगळं. मग जानेवारीत भोगी. पावटा, वालपापडी, ओला हरभरा, वांगी, गाजर, तीळ, बोरं, उसाचे करवे आणि बरोबर बाजरीची भाकरी. तुमची श्रद्धा असो नसो, अभियांत्रिकीच्या नजरेतून बघा. आपल्या परिसरात त्या ऋतूत जे यायला हवं ते येतंय का, याची ही चाचणी आहे. यादीतली एखादी भाजी 'यंदा मिळालीच नाही' म्हणून वगळली जाते तेव्हा चाचणी नापास झालेली असते. आपण मात्र तयार कापलेलं पाकीट आणतो आणि पास झालो म्हणून पुढे जातो.

आता पुण्याकडे बघू. कारण 'स्थानिक' हा शब्द हवेत ठेवला की त्याचं घोषवाक्य होतं.

भाजीच्या बाबतीत पुण्यासारखं नशीब फार कमी शहरांच्या वाट्याला आलं असेल. उत्तरेला नारायणगावचा टोमॅटो, ओतूरचा कांदा, मंचर-खेडकडच्या शेंगभाज्या आणि बटाटा. दक्षिणेला पुरंदर, तिथलं अंजीर आणि सीताफळ, आणि हंगामात तिथलाच मटार. पश्चिमेला मावळ-मुळशीचा भात. थोडं पुढे सातारचं आलं, वाईकडचा भाजीपाला. हे सगळं दोन-अडीच तासांच्या आत. आणि आपण राहतो ती जागा तरी काय होती? हिंजवडीचं आयटी पार्क मुळशी तालुक्यातल्या जमिनींवर उभं आहे. मगरपट्टा सिटी तर शेतकऱ्यांनीच जमिनी एकत्र करून उभारली, तिथे आधी ऊस होता. ज्या टेबलावर आपण 'सप्लाय चेन'चं सॉफ्टवेअर लिहितो त्या टेबलाखाली कोणे एके काळी वाफे होते. असो. जुनं उकरून काढायचं नाहीये, पण माहीत असावं.

आणि या सगळ्याचा एक चालू डॅशबोर्ड आहे, फुकट. सोमवारचा मराठी पेपर उघडा आणि मार्केट यार्डातल्या रविवारच्या आवकेची बातमी वाचा. कोणती भाजी किती ट्रक आली, कुठल्या राज्यातून आली, स्थानिक माल कोणता, कशाचे भाव चढले, कशाचे उतरले. 'पुरंदर, वाई, साताऱ्याचा मटार' असं दिसलं की समजायचं, आपल्या जवळचा हंगाम सुरू झाला. तोपर्यंत मटार परराज्यातला. दोन-तीन महिने ही बातमी नेमाने वाचलीत तर तुमच्या हापिसातल्या निम्म्या डॅशबोर्डांपेक्षा जास्त कळेल. (निम्म्या म्हणालो, कारण माझा मॅनेजरही हे वाचतो.)

या बाजाराला इतिहासही आहे. शुक्रवार पेठेतली मंडई १८८६ सालची, तेव्हाचं नाव रे मार्केट. गंमत म्हणजे आज तिला ज्या महात्मा फुल्यांचं नाव आहे, त्यांनी नगरपालिकेचे सभासद असताना त्या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. पैसा शिक्षणावर घाला म्हणून. शेतकऱ्याची बाजू घेणाऱ्या माणसालाही देखणी इमारत आधी दिसली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. बाजार म्हणजे इमारत नव्हे.

मग बाजार म्हणजे काय? पैसे कोणाच्या हातात जातात ते.

रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासनिबंधांत २०२४ साली एक हिशोब आला होता. ग्राहकाने मोजलेल्या रुपयातले शेतकऱ्याच्या हातात किती पडतात? टोमॅटोत साधारण ३३ पैसे, कांद्यात ३६, बटाट्यात ३७. बाकीचे दोन-तृतीयांश वाटेत. सगळी वाट चोरांचीच आहे असं नाही. हमाली आहे, भाडं आहे, नासाडी आहे, आणि पहाटे उठून गाडी लावणारी मावशी आहे. पण वाट जितकी लांब तितकं टोकाचं माणूस आंधळं. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो किलोला शंभर-दीडशेच्या वर गेला आणि आपल्याला राष्ट्रीय आपत्ती वाटली. त्याच वर्षी सप्टेंबरात भाव इतके कोसळले की शेतकऱ्यांनी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतले. जुलैतला आरडाओरडा शहरात ऐकू आला. सप्टेंबरातला किती जणांना आठवतोय?

वाट लहान करायचे मार्ग आहेत, आणि ते कायद्यात बसतात. १९६३ च्या बाजार समिती कायद्याखाली भाजीपाल्याचा घाऊक व्यवहार समितीच्या आवारात बांधलेला होता. २०१६ साली राज्याने फळं-भाजीपाला त्यातून मोकळा केला. त्याच सुमारास संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजारांची योजना आली. पुण्यात ठिकठिकाणी असे बाजार भरतात. वारकरी परंपरेत मळ्यातच विठ्ठल बघणाऱ्या संताचं नाव बाजाराला द्यायची कल्पना मला तरी फार आवडली. आणि २०२० च्या टाळेबंदीत मार्केट यार्ड बंद पडलं तेव्हा काय झालं आठवा. शेतकऱ्यांचे गट टेम्पो घेऊन थेट सोसायट्यांच्या दारात आले. ज्या सोसायट्यांची कुणा ना कुणा शेतकऱ्याशी आधीपासून ओळख होती त्यांचं पटकन जमलं. बाकीचे अ‍ॅपवरचा 'स्लॉट' मिळतोय का म्हणून रात्री बारापर्यंत बोट आपटत बसले. एकाच वाटेवर अवलंबून राहू नये, हे आपण प्रत्येक डिझाइनच्या बैठकीत सांगतो. स्वयंपाकघराला तो नियम लागू नाही का?

सुपरमार्केटचीही बाजू सांगतो, नाहीतर लेख एकांगी होईल. संकलन केंद्रावर माल देणाऱ्या शेतकऱ्याला वजन चोख मिळतं, पैसे खात्यावर येतात. हे काही कमी नाही. पण तिथे वरच्या प्रतीचाच माल घेतात. वाकडी काकडी, लहान टोमॅटो, डाग पडलेलं वांगं परत. ते परत गेलेलं कुठे विकायचं? अर्थात बाजारातच. म्हणजे बाजार आटला तर सुपरमार्केटला माल देणाऱ्याचंही गणित बसणार नाही. वांग्याचं भरीत करताना वांगं सरळ होतं की वाकडं, हे आजवर कोणी ओळखलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मला खरोखर टोचते. नव्या सोसायट्यांच्या गेटवर एक पाटी असते: 'फेरीवाल्यांना प्रवेश नाही'. सुरक्षेचं कारण. त्याच गेटमधून दिवसभर आणि रात्री उशिरापर्यंत रंगीबेरंगी टीशर्टातली मुलं दुचाकीवरून आत-बाहेर करत असतात. त्यांनी येऊ नये असं मुळीच नाही. त्यांचंही पोट त्यावर आहे. पण ओळखीची, रोज त्याच चौकात बसणारी भाजीवाली धोकादायक आणि रोज नवा येणारा मुलगा सुरक्षित, हे तर्कशास्त्र मला समजत नाही. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा केंद्राचा कायदा २०१४ साली झाला. पण बाणेर-बालेवाडी, खराडी, वाकड बघा. मॉलला जागा आहे, पार्किंगला तीन मजले आहेत. भाजीवालीला ओटा? शोधून दाखवा. बाजारापर्यंत चालत जाता येत नाही, मग लोक अ‍ॅपवर जाणार. मग आपण म्हणणार, बघा, लोकांना हेच हवंय.

आता घरी पिकवण्याबद्दल. इथे आधी गणित करू, कारण बाल्कनीतल्या शेतीबद्दल लोक फार भाबडं बोलतात.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतल्या नमुना ताटात माणशी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आहेत. चौघांचं घर धरा: दिवसाला १.६ किलो, वर्षाला ५८४ किलो. बाल्कनी दहा फूट बाय चार फूट, म्हणजे सुमारे ३.७ चौरस मीटर. शेतात चांगली काळजी घेऊन हेक्टरी ६० टन टोमॅटो निघाला असं धरलं तर चौरस मीटरला ६ किलो. तुमच्या बाल्कनीत, इंच न् इंच लावून, शेतकऱ्याइतकं कौशल्य दाखवून, २२ किलो. वर्षात दोन पिकं घेतलीत तर ४४. म्हणजे साडेसत्तावीस दिवसांची भाजी, आणि कपडे कुठे वाळत घालायचे हा प्रश्न उरतोच. पश्चिमेच्या बाल्कनीला तीन तास ऊन आणि समोर बावीस मजली टॉवर, ही नेहमीची परिस्थिती धरलीत तर आकडा आणखी खाली.

तेव्हा बाल्कनीने पोट भरत नाही. मग लावायचं कशाला?

डोळा तयार व्हावा म्हणून. एकदा मेथी पेरून बघा. धन्यांसारखी रगडावी लागत नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगवते, महिन्याभरात कापायला येते. तीच मेथी एप्रिलच्या उन्हात लावा आणि कशी रुसते बघा. वालाच्या शेंड्यावर मावा चढला की शेतकरी फवारणीकडे का वळतो, हे पुस्तक न वाचता समजतं. कढीपत्ता पहिलं वर्षभर ढिम्म हलत नाही आणि मग थांबत नाही. टोमॅटोला रोज सहा तास ऊन लागतं आणि आपल्याकडे ते नाही, हे कळल्यावर दहा रुपये किलोचा टोमॅटो बघून आनंद होण्याऐवजी पोटात गोळा येतो. एवढ्या मेहनतीचे दहा रुपये? हा प्रश्न पडलेला माणूस बाजारात वेगळा वागतो. तो जुडीमागे दोन रुपयांसाठी हुज्जत घालत नाही, पण कालची शिळी जुडी त्याच्या गळ्यात मारताही येत नाही. मावशींना हे दोन मिनिटांत कळतं.

हे शहरात होतं, आणि दांडगं होतं, याचीही उदाहरणं आहेत. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर फळझाडं आणि भाजीपाला वाढवला. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या 'प्रयोग परिवार'ने शेतकऱ्यांना सांगितलं की ऊन, पाणी, पालापाचोळा यांचा हिशोब स्वतः मांडा, प्रयोग करा, आणि निष्कर्ष एकमेकांना द्या. म्हणजे ओपन सोर्सच की! आपल्याला ते शिकायला सॅन फ्रान्सिस्कोकडे बघायची गरज नव्हती.

सुरुवात करणाऱ्याने टोमॅटो-वांग्याच्या मागे लागू नये. कमी उन्हात पुदिना, गवती चहा, अळू चालतात. कढीपत्त्याचं एक झाड असावंच. आणि एका पसरट कुंडीत आलटून-पालटून मेथी, माठ, कोथिंबीर. घोळ तर बहुधा न पेरताच येईल. तुम्ही आजवर तण म्हणून उपटत असाल तीच ती. डाळ घालून भाजी करा. ओला कचरा, वाळका पाला आणि थोडं शेणखत एवढं पुरतं. ऑनलाइन मिळणारा चार हजारांचा 'किट' लागत नाही.

आता सगळ्यात खरा आक्षेप. वेळ. "तुझं ठीक आहे रे, पण आम्ही दोघं नोकरी करतो. अंबाडी निवडत कोण बसणार?"

आक्षेप बरोबर आहे, फक्त त्यातला 'कोण' जरा नीट बघू या. आपल्या बहुतेक घरांत या 'कोण'चं उत्तर ठरलेलं असतं, आणि ते मी नसतो, माझा मित्रही नसतो. बायका अ‍ॅपवरची निवडलेली, कापलेली पाकिटं घेतात त्याला आळस म्हणणाऱ्या काकांना एकदा चार जुड्या करडई देऊन बसवावं. स्थानिक भाजीचं प्रेम जर घरातल्या एकाच बाईच्या वेळेतून फेडायचं असेल, तर तिने पाकीटच घ्यावं, माझा तिला पाठिंबा आहे. हा सगळा प्रकार तेव्हाच टिकतो जेव्हा भाजी निवडणं हे घरातल्या सगळ्यांचं काम होतं. आमच्याकडे शनिवारी रात्री सिनेमा लागतो आणि समोर वर्तमानपत्रावर भाजी असते. दोन तासांत आठवड्याच्या पालेभाज्या निवडून होतात. (भयपट असेल तर देठही जातात, पण चालतं.)

मी काही सगळं सोडा म्हणत नाही. डाळ, साबण, बिस्किटं कुठूनही घ्या. रात्री पाहुणे आले तर अ‍ॅप आहेच, मीही वापरतो. मागणं एवढंच आहे की आठवड्यातून एक बाजार चालत जाऊन करा. विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारा: कुठली? कधी तोडली? पुढच्या आठवड्यात काय येईल? ज्याला यातल्या दोनांचं उत्तर देता येतं तो तुमचा माणूस, मग तो शेतकरी असो की मार्केट यार्डातून आणणारी मावशी. आणि प्रत्येक वेळी एक अशी भाजी घ्या जी तुम्हाला ओळखू येत नाही. करायची कशी हे तिलाच विचारा. बाजाराच्या कडेला, गोणपाटावर वाटे मांडून बसलेल्या बायकांकडे ती हमखास असते. तिथे वजनकाटाही नसतो, कोड तर दूरच. एक वाटा, बरोबर पाककृती फुकट, आणि वर दोन मिरच्या.

थंडी पडली आहे. चाकवत आलाय, करडई आली आहे, पावटा आणि ओला हरभरा दिसायला लागलेत. भोगीला अजून अवकाश आहे, तोवर यादीतल्या निम्म्या गोष्टींची ओळख करून घेता येईल. उद्या रविवार. मावशी दहापर्यंत असतात, पण चाकवत नऊलाच संपतो.